घटपर्णीची वाफ

खर्र... खर्र...

बाथरूममध्ये तेव्हा अशी शांतता होती, की काचेवरून घसरणाऱ्या थेंबाचीही चाहूल लागावी. मी उलट्या बादलीवर बसले होते. मांडीवर कादंबरी होती, आणि कादंबरीची नायिका चार पानांपासून एका जिन्याच्या मधोमध उभी होती. वर जावं की खाली, तिचं ठरत नव्हतं. अशा नाजूक क्षणी दाराच्या तळाशी नखं घासल्याचा आवाज झाला आणि फटीतून चार बोटं आत आली.

"आई, झाडाने खाल्लं का?"

"अजून नाही."

"का नाही?"

"भूक नसेल."

"मग तू आत काय करतेस?"

"त्याला वाफ देतेय."

बोटं जरा विचारात पडली. तेवढ्यात बाहेरून सासूबाई कडाडल्या, "ए, ऊठ तिथून! ही भेटीची वेळ आहे का?" बोटं एकेक करून माघारी गेली.

ही बोटं माझ्या मुलीची. वय साडेचार. कागदोपत्री तिचं नाव चांगलं भारदस्त आहे, पण घरात सगळे तिला चौकशी म्हणतात. एका रविवारी तिच्या बाबाने तिचे दिवसभरातले प्रश्न मोजायला घेतले होते. दुपारच्या जेवणापर्यंत एकशे बारा झाले, मग त्याने पेन खाली ठेवलं आणि तो झोपायला गेला.

आता, एक शिकलीसवरलेली बाई रोज संध्याकाळी साडेपाच ते सहा गरम पाण्याची बादली घेऊन एका झाडासोबत स्वतःला कोंडून का घेते, हे सांगायला हवं. या सगळ्याचं मूळ मोरीच्या जाळीत आहे.

आमच्या मोरीतून बारीक चिलटं निघायची. फार नाही, दात घासताना दोन-चार तोंडाभोवती फिरतील इतकीच. सासूबाईंनी मुलाला सांगितलं, "जाळी काढ आणि साफ कर." माझा नवरा विमा कंपनीत नुकसानभरपाईचे दावे तपासतो. कशालाही हात लावण्याआधी त्या गोष्टीची पाहणी करायची, हे त्याच्या अंगात भिनलेलं आहे. दोन रविवार त्याने जाळीची पाहणी केली. एकदा तर टॉर्च घेऊन केली. तिसऱ्या रविवारी घरी एक खोकं आलं.

खोक्यात घटपर्णी होती. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. हिच्या पानाचं टोक दोरीसारखं लांबतं, आणि त्या दोरीच्या शेवटी एक चिमुकला घट लटकतो. वर झाकण, आत पाणी. किडा काठावर बसतो, पाय घसरतो, आत पडतो, की संपला. झाड त्याला सावकाश पचवतं.

"म्हणजे बघ," नवरा हात झटकत म्हणाला, "जाळीला हात लावायला नको, औषध मारायला नको. हे आपलं बसल्या जागी सगळी चिलटं गट्टम करेल."

जाळी काढून धुवायला दहा मिनिटं लागली असती. हे वाक्य मी त्या दिवशी बोलले नाही. पुढच्या चार महिन्यांत मात्र सवडीने, निरनिराळ्या चालींत बोलले.

रोपाला पाच घट होते. आठवड्याभरात पाचही वाळून जुन्या मोज्यांसारखे लोंबायला लागले. आम्ही ते हॉलच्या खिडकीत ठेवलं होतं, भर उन्हात, आणि नळाचं पाणी घालत होतो, तेही अगदी मनापासून. घरात आजारी माणूस असलं की येतात तसे सल्ले यायला लागले. खालच्या काकू रोज संध्याकाळी वर यायच्या आणि कमरेवर हात ठेवून रोपाकडे बघायच्या.

"उपाशी आहे गं ते. तोंड बघ कसं वासून बसलंय."

"काकू, ते तोंड नाही, ते—"

"माझ्याकडून ऐक, अंड्याचं टरफल कुटून घाल. आणि चमचाभर दूध. मुलांना घालतेस ना? तसंच."

मी मुलीला घालते तेव्हा ती दात घट्ट मिटून घेते, ते काकूंना सांगण्यात अर्थ नव्हता. मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी कुंडीत टरफलं होती.

शेवटी मी रोप पिशवीत घालून रोपवाटिकेत नेलं. रोपवाटिकेवाल्या आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला, रोप उचललं, मुळाशी वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. असं बघणं मी याआधी एकदाच अनुभवलं होतं, मुलीच्या पहिल्या लसीची तारीख चुकली होती तेव्हा.

"खत घातलंत?"

"नाही हो."

"खरं सांगा."

"थोडं... अंड्याचं टरफल. मी नाही, शेजारच्यांनी."

"नेहमी शेजारचेच घालतात," आजोबा म्हणाले. "हे झाड गरिबीत वाढलेलं आहे. माती सकस केलीत की मेलंच. नळाचं पाणी नको, त्यात क्षार असतात. पावसाचं द्या, नाहीतर एसीतून ठिपकतं ते. ऊन गाळून द्या. हवा ओलसर ठेवा. आणि तोंडात काही कोंबू नका. त्याचं ते बघतं."

"हे वाळलेले घट?"

"ते गेले. त्यांच्याकडे बघत बसू नका. नव्या पानाच्या टोकाकडे बघा."

त्यांनी कुंडीतली सगळी माती काढून टाकली, वाळकं शेवाळ आणि कसलेसे पांढरे हलके खडे घालून रोप पुन्हा बसवलं आणि माझ्या हातात असं दिलं, की मी परतीच्या वाटेवर दोनदा त्याचं डोकं सावरलं.

आता आमच्या घरात गाळलेलं ऊन फक्त बाथरूमला मिळतं. तिथे धुरकट काचेची पूर्वेची खिडकी आहे. पण ओलसर हवा? तिथे गाडं अडलं, कारण माझ्या सासूबाई. त्या बत्तीस वर्षं मोठ्या इस्पितळात वॉर्डाच्या सिस्टर होत्या. आमच्याकडे अजूनही चादरीचे कोपरे त्रिकोणी दुमडले जातात, औषधाचा चमचा वेगळा असतो, आणि आंघोळ करून बाहेर येणाऱ्याने फरशी कोरडी केली नसेल तर त्याला परत आत जावं लागतं. पाहुण्यांनासुद्धा. एकदा माझे मामा गेले होते.

तेव्हा मी घाबरतच सांगितलं, "आई, रोपाला ओलसर हवा लागते म्हणे. बाथरूम जरा ओलं राहिलं तर—"

सासूबाईंनी रोपाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता मामांसारखी माझी रवानगी होणार.

"ओलसर हवा म्हणजे वाफ," त्या म्हणाल्या. "रोज, ठरल्या वेळी. दार बंद, खिडकी बंद. अर्धा तास. सोबत एकच माणूस बसेल."

"मी बसू?" नवऱ्याने उत्साहाने विचारलं.

"तू जाळी साफ कर," सासूबाई म्हणाल्या. "ही बसेल."

त्याच संध्याकाळी बाथरूमच्या दाराला आतून खिळा ठोकला गेला आणि त्यावर पुठ्ठ्याचा तक्ता टांगला गेला. सासूबाईंच्या सरळ, गोल अक्षरांत रकाने: तारीख, पाणी, हवा, नवं पान, नवा घट, शेरा. दारावर बाहेरून दुसरा कागद: *वाफेची वेळ साडेपाच ते सहा. या वेळेत दार वाजवू नये. भेटायला येणाऱ्यांनी बाहेर थांबावे.*

पहिल्या दिवशी मी बादलीवर बसले आणि वाट बघितली. कसली, ते मलाच कळेना. दहा मिनिटांनी लक्षात आलं, की मला कोणी हाक मारलेली नाही. साडेचार वर्षांत पहिल्यांदा मला दहा मिनिटं कोणी हाक मारली नव्हती. माझी निळी पिशवी कुठंय, दूध उतू चाललंय, हिने नाकात काय घातलंय बघ, यातलं काहीसुद्धा नाही. बाहेर सगळे कुजबुजत बोलत होते. आजारी झाडासाठी! मला सर्दी-खोकला-ताप एकदम झाला होता, तेव्हासुद्धा या घरात कोणी कुजबुजलं नव्हतं. उलट उशाशी येऊन विचारलं होतं, "झोपलीस का?"

दुसऱ्या दिवशी मी कादंबरी नेली. वाचनालयातली, चांगली जाड. मुलगी व्हायच्या आधी तिची बेचाळीस पानं माझी वाचून झाली होती, तेवढ्यात कळा सुरू झाल्या. त्यानंतर मी ती चार वेळा आणली आणि चारही वेळा त्रेचाळिसाव्या पानावर न पोचता परत केली. त्या दिवशी साडेपाचला मी त्रेचाळिसावं पान उलटलं.

मग दिवस बरे चालले. वाफेने पुस्तक मात्र फुगायला लागलं. मुदत वाढवायला गेले तेव्हा वाचनालयाच्या बाईंनी ते दोन्ही हातांनी दाबून पाहिलं.

"याला काय झालंय?"

"दमट हवा लागली."

"कुठे ठेवता हे?"

कादंबरी बाथरूममध्ये वाचते असं चारचौघांत कसं सांगायचं? मी म्हटलं, "आमच्याकडे एक पेशंट आहे." बाई हळहळल्या आणि मुदत वाढवून मिळाली. हे मी खोटं बोलले असं तेव्हा मला वाटलं होतं.

राहता राहिलं पाणी. आमच्या मजल्यावर एसी एकाच घरी, वकीलकाकांकडे. तो गेली तीन वर्षं खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिपकत होता, आणि त्यावरून दोघांची इतकी नियमित भांडणं व्हायची, की आम्ही त्यावरून घड्याळ लावायचो. मी काकांना विचारलं, "तुमच्या एसीखाली बादली लावू का?" त्यांनी मला बसवलं, चष्मा लावला आणि थेट ना-हरकत पत्रच लिहून दिलं. *सदर पाणी यंत्रातून आपखुशीने ठिपकत असून शेजारधर्म म्हणून ते एका आजारी वनस्पतीस देण्यात येत आहे.* त्याच्या तीन प्रती. एक मला, एक त्यांना, आणि एक त्यांनी जातीने खाली जाऊन काकूंच्या दारात सरकवली.

मला वाटलं, काकू खूश होतील. त्यांचे कपडे कोरडे राहायला लागले होते. पण माणसाचं तीन वर्षांचं हक्काचं भांडण असं एका बादलीने हिसकावून घेतलं, की तो माणूस विसरत नाही. काकूंचं वर येणं थांबलं. जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, "चाललंय ना तुमचं पाणी भरणं?"

तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी वाफ विरली आणि मी पाहिलं, तर नव्या पानाच्या टोकाला काहीतरी फुगलं होतं. करंगळीच्या पेराएवढा हिरवा घट, वर चिकटलेलं चिमुकलं झाकण, काठाला लाल रेघ. इतका देखणा, की मी पुस्तक खाली ठेवून त्याच्या झाकणाला नुसतं बोट टेकवलं. आनंदाने ओरडणारच होते. तोंड उघडलंही होतं.

आणि मग मी ते मिटलं. झाड बरं झालं, की वाफ बंद. वाफ बंद, की अर्धा तास बंद. आणि नायिका अजून जिन्यावर!

मी कुंडी हलकेच फिरवली. घटाचं तोंड भिंतीकडे. त्या दिवशी सासूबाईंनी तक्ता भरताना विचारलं, "नवा घट?" मी म्हटलं, "नाही, आई." त्यांनी लिहिलं: *नाही.* मला रात्रीचं जेवण गेलं नाही. पुढच्या काही आठवड्यांत आणखी तीन घट आले. चारही भिंतीकडे तोंड करून उभे, शाळेत शिक्षा झालेल्या मुलांसारखे. कुंडीला आता फिरवायला जागा उरली नव्हती. एका आजारी झाडाची तब्येत चोरून ठेवणारी बाई जगात दुसरी असेल असं मला वाटत नाही.

पापाचा घडा भरायला फक्त बादलीच उरली होती. त्या आठवड्यात चौकशीला ताप आला. मी रोजचं पाणी आधी भरून ठेवलेल्या बाटल्यांतून घातलं आणि एसीखालची बादली तशीच विसरले. आठ दिवस. नवव्या दिवशी दार वाजलं. साडेपाचला पाच कमी होते.

दारात आरोग्य खात्याचे निरीक्षक उभे. इमारतीत त्यांना सगळे डासवाले साहेब म्हणतात. हातात टॉर्च, काखेत फॉर्मचा गठ्ठा, खिशात काचेचा ड्रॉपर. मागे जिन्यात खालच्या काकू, दुसरीकडेच बघत उभ्या.

"तक्रार आहे," साहेब म्हणाले. "तुमच्या बादलीत अळ्या सापडल्या. नाचतायत. आता घर बघावं लागेल. पाणी साचलेलं आणखी काही?"

"नाही," मी म्हटलं.

"आहे!" चौकशी पांघरुणातून उठून आली होती. ताप उतरला होता, दुर्दैवाने. "झाडात आहे. खूप पाणी. पण ते बघायचं नाही, कारण ते आजारी आहे आणि आई आत बसते."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग दारावरचा कागद वाचला, मग बूट काढून आत गेले. मागोमाग आम्ही सगळे. चार माणसं आणि एक मूल आमच्या बाथरूममध्ये त्याआधी कधी मावलं नव्हतं, त्या दिवशीही मावलं नाही. नवरा बेसिनवर बसला.

साहेबांनी सवयीने आधी कोपऱ्यातल्या मोरीत टॉर्च मारला, खिशातून आकडा काढला आणि एका हिसक्यात जाळी वर काढली. "चिलटं इथून येतात. धुऊन टाका. दहा मिनिटांचं काम."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो छताची पाहणी करत होता.

मग साहेबांनी कुंडी उचलली आणि फिरवली. चारही घट उजेडात आले, हिरवेगार, तांबूस काठांचे, झाकणं उघडून. मी जमिनीकडे बघत राहिले. जाळीच्या खाली एखाद्या माणसाला जाता येतं का, याचा अंदाज घेत होते.

"साचलेल्या पाण्याची भांडी, चार," साहेब पुटपुटत लिहू लागले. "झाकण... आहे." ते थांबले. "झाकण आहे, पण बसत नाही. असा रकाना नाही माझ्याकडे."

त्यांनी ड्रॉपर एका घटात घातला, पाणी ओढलं, उजेडात धरलं. "अळ्या नाहीत. मेलेली चिलटं... सहा, सात. बापरे. खातं की हो हे!" क्षणभर ते खात्याचे राहिले नाहीत. मग सावरले. "नोंदी ठेवता का काही? कधी पाणी बदलता वगैरे?"

"सगळ्या आहेत," सासूबाई ताठ मानेने म्हणाल्या. वॉर्डात मोठे डॉक्टर आले की त्या अशाच उभ्या राहत असणार. "तो तक्ता घ्या."

साहेबांनी खिळ्यावरून तक्ता काढला. गर्दीत त्यांचा कोपर नवऱ्याला लागला, तक्ता हातातून निसटला, त्यांनी झेलला, आणि जी बाजू वर आली ती वाचायला लागले. खात्याच्या आवाजात, एकसुरी:

"पेशंट क्रमांक दोन. पहिला दिवस. झोप पाच तास, तीही तुटक. जेवण उभ्याने. बोलणं एका शब्दात. विचारलं तर, काही नाही झालंय. चेहरा ओढलेला." साहेबांनी रोपाकडे पाहिलं. "चेहरा?"

"अहो, ती बाजू नव्हे—" सासूबाई पुढे सरसावल्या, पण मध्ये बादली होती.

"वाफेचा उपाय करून पाहावा. दार बंद, कोणी हाक मारू नये," साहेब वाचतच राहिले. "चौथा दिवस. वाफेनंतर दोन वाक्यं बोलली. बारावा दिवस. बसून जेवली. एकोणिसावा दिवस. एकदा हसली." त्यांनी मान वर केली. "झाड हसलं?"

नवऱ्याने बेसिनचा नळ उगाच घट्ट केला.

"नव्वदावा दिवस," साहेबांचा आवाज आता जरा खाली आला होता. "क्रमांक एकला नवा घट. क्रमांक दोनने तोंड भिंतीकडे फिरवून ठेवला आहे. पुढच्या बाजूला नोंद करू नये. क्रमांक दोनला वाईट वाटेल."

सासूबाईंनी बादली ओलांडली आणि तक्ता काढून घेतला. "तो पेशंट वेगळा आहे," त्या म्हणाल्या.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, त्याने पाहणी करतात तसं पाहिलं नाही, नुसतं पाहिलं. खालच्या काकू दाराच्या फटीतून नाक आत घालून होत्या, त्यांनीही पाहिलं. बाथरूममध्ये उभं राहून इतक्या जणांनी एकदम पाहावं, इतकं माझ्या आयुष्यात आजवर काही घडलेलं नव्हतं. मला आठवलं, रोपवाटिकेवाले आजोबा वाफेचं काहीच बोलले नव्हते. ओलसर हवा म्हणाले होते. वाफ हा शब्द पहिल्यांदा काढला तो सासूबाईंनी.

"सरळ सांगायचं ना, आई," मी म्हटलं.

"सरळ सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, मला काही नाही झालंय." त्यांनी तक्त्यावरची नसलेली धूळ झटकली. "बत्तीस वर्षं वॉर्डात काढली मी. कोण कधी आडवं पडणार, ते पडायच्या आधी कळतं मला. आणि चौकशीचा बाप लहान होता, तेव्हा मला बाथरूमसुद्धा मोकळं मिळायचं नाही. मी ड्यूटीवर जाऊन विश्रांती घ्यायची."

साहेबांनी घसा साफ केला आणि फॉर्म भरला. बादली उलटी करून ठेवावी. पाणी साचलेली भांडी बंद, दमट खोलीत ठेवू नयेत. झाड हवेशीर, उजेडाच्या जागी हलवावं. सही, शिक्का.

"आणि क्रमांक दोनचं?" सासूबाईंनी विचारलं.

साहेबांनी फॉर्म मागून-पुढून पाहिला. "त्या आमच्या अखत्यारीत येत नाहीत," ते म्हणाले. बूट घालताना मात्र थांबले. "तुमचा तो तक्ता... रकाने कसे आखलेत, ते जरा दाखवाल का? घरी लागेल मला."

खालच्या काकूंनी जाताना माझ्या दंडाला हात लावला. "मला वाटलं झाडच उपाशी आहे," त्या म्हणाल्या आणि भरभर जिना उतरल्या.

दुसऱ्या दिवशी झाड हॉलच्या खिडकीत गेलं. मुद्दाम लावलेल्या नव्या पडद्यातून गाळलेलं ऊन, खाली ओलं शेवाळ, आणि वकीलकाकांनी पाठवलेली एसीच्या पाण्याची बाटली, चौथ्या प्रतीसह. सगळं शास्त्रशुद्ध. नवऱ्याने सकाळी जाळी धुतली. नऊ मिनिटं लागली. त्याने मोजली होती.

साडेपाच वाजले. मी स्वयंपाकघरात उभी होते. कादंबरी कपाटावर होती. दोनशे सहावं पान, नायिका अजून जिन्यावर. मी मनाची समजूत घातली, की चार महिने म्हणजे काही कमी नाही. लोकांना तेवढंही मिळत नाही.

सासूबाई आल्या, त्यांनी बाथरूममधली बादली उलटी करून मांडली आणि दाराकडे बोट केलं. "वेळ झाली."

"पण आई, झाड तर आता—"

"झाडाला डिस्चार्ज दिला. तुला दिलाय का?"

मी पुस्तक घेतलं आणि आत गेले. कडी लावली. खिडकी उघडी होती, बाहेरून कुठल्यातरी घरातल्या भांड्यांचा आवाज येत होता. वाफ नव्हती, कोपऱ्यात रोप नव्हतं, चिलटंही नव्हती. तक्ता खिळ्यावर होता, आता राजरोस दुसरी बाजू पुढे करून. त्या दिवशीचा रकाना कोरा होता. मी बसले. पान उलटलं. नायिकेने शेवटी एक पाऊल उचललं.

खर्र... खर्र...

चार बोटं आत आली.

"आई."

"अं."

"झाड बाहेर आहे. मी त्याला बघून आले."

"हो ना. बरं झालं ते."

"वाफ पण नाहीये."

"नाहीये."

बोटं थांबली. फरशीवर एकेक करून वाजली, हिशेब लावत असल्यासारखी. मग दाराच्या त्या बाजूने, अगदी खालून, गाल जमिनीला टेकवून विचारलेला प्रश्न आला:

"मग आत कोण आहे?"